तांबडी गोळी आणि यकृतातला मुकादम



या व्याख्यानमालेच्या चालकांना मी माझ्या विषयाचे नाव प्रथम कळवले ते असे होते : 'यकृतातील ग्राही रेणू व औषधांचा चयापचय'. ते वाचून चालकांपैकी एकजण दूरध्वनीवर मला अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, वैशाखाचे दिवस आहेत, माणसे दिवसभर घामाने भिजून येतात, नाव जरा हलके करता आले तर पाहा." त्यांचे म्हणणे रास्त होते. शेवटी 'तांबडी गोळी' या नावावर आमची तडजोड झाली. नाव बदलले, विषय मात्र तोच आहे. त्यातील चार अवघड शब्द मी आपल्या गळी उतरवल्याशिवाय राहणार नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

तांबडी गोळी म्हणजे क्षयाची गोळी. या मंडपात बसलेल्यांपैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. काहींनी घेतलीही असेल. आणि घेतली असेल ती बहुधा शेजाऱ्याला कळू न देता, फडताळाच्या मागच्या कप्प्यात पाकीट दडवून. या दडवण्याकडे मला पुढे पुन्हा यायचे आहे. सरकारी कार्यक्रमातील या एका गोळीत चार औषधे असतात : आयसोनियाझिड ७५ मिलिग्रॅम, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५. रुग्णाच्या वजनाप्रमाणे गोळ्यांची संख्या ठरते. पूर्वी आपल्याकडे आठवड्यातून तीनदा औषध देत, २०१७ सालापासून ते रोज देतात. साध्या क्षयाला पहिले दोन महिने चारही औषधे आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. गोळीला तांबडा रंग येतो तो रिफाम्पिसिनमुळे. लघवी नारिंगी होते, घाम व अश्रूही कधी नारिंगी होतात, आणि पांढरा सदरा घालणाऱ्या माणसाचे गुपित त्याची बगल फोडते.

आता मौज अशी की हेच रिफाम्पिसिन जगभरच्या औषधसंशोधनाच्या प्रयोगशाळांत एका छोट्या गडद बाटलीत ठेवलेले असते. तेथे त्याचा क्षयाशी काडीमात्र संबंध नसतो. तेथे ते एक रसायन आहे : विटकरी रंगाची भुकटी, रेणुभार सुमारे ८२३. माणसाच्या यकृतातील एक विशिष्ट ग्राही जागा करायचा असला, की पहिला हात या बाटलीकडे जातो. नवे औषध यकृताला जागे करते का, हे पाहायचे तर तुलनेला रिफाम्पिसिन घ्या, असे अमेरिकेच्या व युरोपच्या औषधनियंत्रकांचे मार्गदर्शनही सांगते. म्हणजे परदेशातला संशोधक ज्या रसायनाने काचेच्या ताटलीतल्या पेशी चाळवतो, तेच रसायन शांतीनगरातला एखादा मागवाला सकाळी अनाशापोटी पाण्याच्या घोटाबरोबर गिळतो. प्रयोगशाळेत जे घडते ते त्याच्याही पोटात घडते. फरक इतकाच, की प्रयोगशाळेत ते कोणीतरी टिपून ठेवते.

हा विषय मी भिवंडीत का बोलायला घेतला हे आपणांस वेगळे सांगायला नको. यंत्रमागाची पत्र्याची शेड, तिच्यातली दमट हवा, कापसाचे तंतू, आणि पाळी संपवून आलेला कामगार ज्या जागेवर आडवा होतो तेथून नुकताच उठलेला दुसऱ्या पाळीचा कामगार. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेली ही माणसे एका खोलीत इतकी राहतात की एकाचा खोकला हा साऱ्यांचा खोकला होतो. क्षयाचा जंतू हवेतून जातो. त्याला याहून सोयीचे गाव कोणते मिळणार? जगातील क्षयरोग्यांपैकी चौथ्या हिश्शाच्या आसपास रोगी एकट्या भारतात आहेत, ही लाजेची गोष्ट आपण ऐकतोच. पण याच भारताने १९५९ साली मद्रासच्या प्रयोगातून जगाला दाखवून दिले, की क्षयाचा रोगी आरोग्यधामात न पाठवता त्याच्या स्वतःच्या खोलीत, दाटीवाटीच्या वस्तीत, नियमित औषधाने बरा होऊ शकतो. त्या वेळी उपचार वर्षभर किंवा त्याहून अधिक चालत. ते सहा महिन्यांवर आले ते मुख्यतः रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड यांच्या जोडीमुळे. तेव्हा आज मी या औषधाविषयी जे काही सांगणार आहे त्यातून 'ही गोळी घातक दिसते, बंद करावी' असा अर्थ कोणी काढला, तर माझे व्याख्यान फुकट गेले असे समजावे.

हे औषध सापडले ते मातीत. १९५७ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील सें राफाएल गावाजवळच्या पाइनच्या बनातून मातीचा एक नमुना इटलीतील मिलान शहरी, लेपेटिट कंपनीच्या प्रयोगशाळेत आला. त्या मातीतल्या एका जंतूपासून पिएरो सेन्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतुनाशक द्रव्ये वेगळी काढली. त्या मंडळींना त्या सुमारास गाजलेला 'रिफिफी' नावाचा फ्रेंच चित्रपट आवडला होता, म्हणून त्यांनी त्या द्रव्यांना रिफामायसिन असे नाव ठेवले. दरोडेखोरांच्या चित्रपटावरून औषधाचे बारसे झाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. मूळ द्रव्य तोंडाने दिले तर उपयोग होत नसे. पुष्कळ खटपटीनंतर १९६५ साली त्याचे रूप पालटून पोटात घेता येण्याजोगे रिफाम्पिसिन तयार झाले, १९६८ साली इटलीत विकले जाऊ लागले, आणि १९७१ साली अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

त्याच १९७१ साली जर्मनीतील रायमर्स आणि येझेक या दोन डॉक्टरांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली. रिफाम्पिसिन घेणाऱ्या ज्या क्षयरोगी स्त्रिया पाळणा लांबवण्याच्या गोळ्याही घेत होत्या, त्यांची मासिक पाळी बिघडू लागली होती. गोळ्या नियमाने घेत असूनही, जणू त्या घेतच नाहीत अशी शरीराची तऱ्हा झाली. नंतर काही स्त्रियांना दिवसही गेले. गोळ्या खोट्या नव्हत्या, बायका विसरत नव्हत्या. मग त्या गोळ्या कोठे जात होत्या? या प्रश्नाचे पुरते उत्तर मिळायला सत्तावीस वर्षे लागली. आजचे माझे व्याख्यान म्हणजे त्या सत्तावीस वर्षांची हकिकत आहे म्हटले तरी चालेल.

ती समजण्यासाठी आधी यकृताचे काम पाहू. आपण जे खातो, पितो, हुंगतो त्यातून पुष्कळ परके पदार्थ रक्तात शिरतात. त्यांतले बरेचसे तेलकट स्वभावाचे असतात, पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाहीत. यकृत त्यांच्यावर रासायनिक क्रिया करून त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे करते आणि वाटेला लावते. हे काम करणाऱ्या विकरांचे एक मोठे घराणे आहे, सायटोक्रोम पी-४५० या नावाचे. हे नाव जपानचे ओमुरा आणि सातो यांनी १९६२ साली रूढ केले. ४५० हा आकडा त्या रंगद्रव्याने शोषलेल्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा, त्यात दुसरे गूढ काही नाही. या घराण्यातला सर्वांत राबणारा भाऊ म्हणजे ३ए४. आज वापरात असलेल्या औषधांपैकी तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत औषधांची विल्हेवाट हा एकटा लावतो असे मानतात. पाळणा लांबवण्याच्या गोळीतील संप्रेरकेही बव्हंशी त्याच्याच हाती जातात.

आता राहनाळ, पूर्णा, मानकोली येथील एखाद्या गोदामाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. दाराशी हमालांची एक टोळी आहे. रोजचा माल रोज उतरतो, त्याला तेवढी पुरते. एके दिवशी कोणी व्यापारी रोज दहा-दहा ट्रक पाठवू लागतो. दारावरचा मुकादम ते पाहतो आणि आणखी हमाल बोलावतो. चार दिवसांत टोळी तिप्पट होते. पण हमाल काही फक्त त्याच व्यापाऱ्याचा माल उचलत नाहीत! दारात जो ट्रक लागेल तो ते रिकामा करतात. ज्या दुसऱ्या व्यापाऱ्याचा माल आजवर चार तास दारात उभा राही, तो आता तासाभरात नाहीसा होतो. आणि त्या बिचाऱ्याला तर माल चार तास दारात दिसायला हवा होता, कारण गिऱ्हाईक तो तेथे पाहूनच सौदा करत असे. रिफाम्पिसिन हा दहा ट्रकवाला व्यापारी. हमाल म्हणजे ३ए४ आणि त्याचे भाऊबंद. आणि संततिनियमनाची गोळी हा तो दुसरा, नाडला गेलेला व्यापारी.

हमाल वाढतात हे विज्ञानाला बरेच आधी कळले होते. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीत रेमर आणि अमेरिकेत कॉनी यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवले, की काही द्रव्ये दिली असता यकृताची औषधे मोडण्याची शक्तीच वाढते. याचा एक जुना प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे, कारण त्याला यंत्रे लागत नाहीत, घड्याळ पुरते. उंदरांना काही दिवस फेनोबार्बिटाल नावाचे झोपेचे औषध द्यावयाचे. मग हेक्सोबार्बिटाल हे दुसरे झोपेचे औषध द्यायचे आणि उंदीर किती मिनिटे झोपतो हे मोजायचे. आधी फेनोबार्बिटाल घेतलेला उंदीर लवकर जागा होतो. औषध तेच, मात्रा तीच, झोप मात्र तोकडी. कारण यकृताने दुसरे औषध झपाट्याने संपवले. माँट्रियलचे हान्स सेल्ये यांनी पुढे प्रेग्नेनोलोन कार्बोनायट्राइल नावाचे एक कृत्रिम स्टेरॉइड वापरून उंदरांना निरनिराळ्या विषांपासून वाचवून दाखवले. विष देण्यापूर्वी ते स्टेरॉइड दिले, की उंदराचे यकृत विषाचा निकाल लावण्यास सज्ज होई.

हमाल दिसले, पण मुकादम कोण? येथे एक कोडे आडवे आले, आणि ते मोठे गमतीचे होते. सेल्ये यांचे द्रव्य उंदराचे यकृत जागे करी, माणसाच्या यकृतावर मात्र त्याचा म्हणण्यासारखा परिणाम होत नसे. रिफाम्पिसिनचे नेमके उलट : माणसाचे यकृत खडबडून जागे होई, पण उंदराच्या यकृताला त्याचा पत्ताच नसे. नवीन औषध माणसाला देण्यापूर्वी ते उंदरांना देऊन पाहायचे ही जगभरची रीत. रिफाम्पिसिनचा हा गुण पारखण्यासाठी कोणी केवळ उंदरांवर विसंबला असता, तर त्याने डोळे मिटून 'काही होत नाही' असा दाखला दिला असता.

१९९८ साली हे कोडे सुटले. अमेरिकेत ग्लॅक्सो वेलकम कंपनीतील स्टीव्हन क्लायवर आणि त्यांचे सहकारी, सॉल्क संस्थेतील ब्रूस ब्लुमबर्ग व रोनाल्ड एव्हान्स, आणि स्वीडनमधील एक गट, असे तीन गट एकाच वर्षी एकाच ग्राहीपर्यंत पोचले. प्रत्येकाने त्याला आपापले नाव ठेवले. तिघांत क्लायवर यांचे नाव टिकले : प्रेग्नेन एक्स रिसेप्टर, थोडक्यात पीएक्सआर. हाच आपला मुकादम. शरीरातले बहुतेक ग्राही मोठे चोखंदळ असतात, एका किल्लीलाच उघडणाऱ्या कुलुपासारखे. हा तसा नाही. २००१ साली त्याची त्रिमिती रचना दिसली, तेव्हा कळले की त्याच्या पोटातली पोकळी मोठी, गुळगुळीत आणि आकार बदलणारी आहे; तिच्यात नाना तऱ्हेचे रेणू बसतात. रिफाम्पिसिनसारखा अवाढव्य रेणूही मावतो. रेणू आत बसला, की हा ग्राही एका जोडीदाराबरोबर केंद्रकातील जनुकांच्या ठरावीक जागी बसतो आणि तेथून ३ए४ तयार करण्याचा हुकूम सुटतो. परका माल येताच हमाल बोलवावे, हेच त्याचे काम. तो चुकत नाही. कोणता परका पदार्थ विष आहे आणि कोणता डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला आहे, हे त्याला कोणी कधी शिकवलेलेच नाही.

आणि उंदराचे कोडे? माणसाचा पीएक्सआर आणि उंदराचा पीएक्सआर सख्खे भाऊ असले, तरी त्यांच्या पोकळीची घडण थोडी वेगळी आहे. २००० साली एव्हान्स यांच्याच गटाने उंदराचा मूळ ग्राही काढून त्या जागी माणसाचा ग्राही असलेले उंदीर तयार केले. त्या उंदरांना रिफाम्पिसिन दिले, आणि त्यांचे यकृत माणसाप्रमाणे जागे झाले. यकृत उंदराचे, हमाल उंदराचे, मुकादम तेवढा माणसाचा. शास्त्रात इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

प्रयोगशाळेत आता हे काम असे चालते. माणसाच्या यकृताच्या जिवंत पेशी ताटलीत वाढवतात, त्यांवर रिफाम्पिसिनचे अतिसौम्य द्रावण दोन-तीन दिवस ठेवतात, आणि ३ए४ किती वाढला हे मोजतात. या द्रावणाची तीव्रता बहुधा १० मायक्रोमोल असते. हा आकडा तुम्हांला काही सांगणार नाही, म्हणून तो दुसऱ्या भाषेत सांगतो : दर मिलिलिटरला सुमारे ८ मायक्रोग्रॅम. आणि क्षयाच्या रोग्याने सकाळची मात्रा घेतल्यावर दोन-एक तासांनी त्याच्या रक्तात रिफाम्पिसिन किती असावे अशी डॉक्टरांची अपेक्षा असते? दर मिलिलिटरला ८ ते २४ मायक्रोग्रॅम. रक्तातले बरेचसे औषध प्रथिनांना चिकटून असते, तेव्हा ही तुलना काटेकोर नाही, हे मी मान्य करतो. तरीही हे दोन आकडे शेजारी ठेवले, की ताटली आणि माणूस यांतले अंतर पुष्कळ कमी होते.

परिणाम किती मोठा? १९९६ साली फिनलंडमध्ये निरोगी स्वयंसेवकांना पाच दिवस ६०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन दिले आणि मग मिडॅझोलाम ही झोपेची गोळी तोंडाने दिली. रक्तात त्या गोळीचा वावर पूर्वीच्या अवघा ४ टक्के उरला. शंभरातले चार! झोपेची गोळी निकामी झाली तर माणूस रात्रभर जागेल, फार तर चिडेल. पण त्या जागी दुसरे औषध ठेवून पाहा. संततिनियमनाच्या गोळीचे सांगितलेच; म्हणून रिफाम्पिसिन चालू असताना, आणि ते थांबल्यावरही चार आठवडे, त्या गोळीवर विसंबू नये, दुसरा उपाय योजावा, असे सांगतात. मूत्रपिंड बदललेल्या माणसाचे सायक्लोस्पोरिन असेच नाहीसे होते आणि शरीर नवे मूत्रपिंड नाकारू लागते. मधुमेहाच्या ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्यांचा जोर कमी होतो, साखर वाढते, आणि घरची माणसे रोग्यावर चोरून गोड खाल्ल्याचा आळ घेतात. एड्सच्या विषाणूवरील डोल्युटेग्राविर हे औषध एरवी दिवसातून एकदा देतात. रिफाम्पिसिन चालू असले की ते बारा तासांच्या अंतराने दोनदा द्यावे लागते. हा शेवटचा दाखला मला विशेष आवडतो, कारण येथे ताटलीतले ज्ञान सरळ सरकारी दवाखान्याच्या खिडकीपर्यंत पोचले आहे. मुकादमाला थांबवता येत नाही ना? मग दुसऱ्या व्यापाऱ्याने ट्रक दुप्पट पाठवावेत.

इतका वेळ श्रोत्यांपैकी काहीजण मनात म्हणत असतील, की ही सारी इंग्रजी औषधांची भांडणे. आम्ही आपले काढे-चूर्णवाले. त्यांच्यासाठी गुग्गुळाची गोष्ट सांगतो. योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ या गोळ्या कोणत्याही आयुर्वेदीय दुकानात मिळतात. १९६६ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. सत्यवती यांनी सुश्रुतातील मेदोरोगाच्या वर्णनाचा माग घेत गुग्गुळाने सशांच्या रक्तातील चरबी कमी होते हे दाखवले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यावरून गुगुलिपिड तयार केले आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते बाजारात आणले. गुग्गुळातील मुख्य द्रव्य गुग्गुलस्टेरॉन. ते रासायनिकदृष्ट्या प्रेग्नेन कुळातले आहे, म्हणजे ज्या कुळावरून आपल्या मुकादमाचे नाव पडले त्याच कुळातले. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांना आढळले, की ते यकृतातील पित्ताम्लांशी संबंधित अशा दुसऱ्या एका ग्राहीला अडवते. तेव्हापासून आपल्या वैद्यांचा गुग्गुळ रिफाम्पिसिनप्रमाणेच छोट्या बाटलीत भरून प्रयोगशाळांना विकला जाऊ लागला. वर्षभरात, २००३ साली, अमेरिकेतील एका रुग्णचाचणीत त्याने कोलेस्टेरॉल कमी झाले नाही, उलट त्यातला अपायकारक भाग किंचित वाढला. आणि २००४ साली दिसून आले, की गुग्गुलस्टेरॉन पीएक्सआरलाही जागे करते. त्याच्या दहा वर्षे आधी, १९९४ साली, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी गुगुलिपिडबरोबर घेतलेल्या प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या हृदयाच्या औषधांचे रक्तातील प्रमाण घटते, असे प्रसिद्ध केले होते. त्या प्रयोगात गुगुलिपिडची एकच मात्रा दिली होती, आणि मुकादमाला हमाल जमवायला काही दिवस लागतात. तेव्हा तो परिणाम यकृताचा की आतड्यात शोषण कमी झाल्याचा, हा प्रश्न निराळा आहे. पण औषधाने औषधाला गाठले एवढे खरे. यकृताला वैद्य आणि डॉक्टर यांतला भेद कळत नाही.

हमाल जमायला वेळ लागतो, तसा ते पांगायलाही लागतो. माझ्या मते या साऱ्या विषयात सर्वांत धोक्याचे दिवस कोणते असतील, तर ते रिफाम्पिसिन चालू असतानाचे नव्हेत, ते थांबल्यानंतरचे. ग्राही जागा झाल्यापासून पूर्ण फौज उभी राहायला दीड-दोन आठवडे लागतात. औषध थांबल्यावर ती पांगायला पुन्हा दोन आठवडे, कधी त्याहून अधिक. हे मी पुस्तकातून शिकवत आलो होतो. मला ते खरे कळले माझ्या एका मित्राच्या वहिनींमुळे.

वहिनींना लहानपणी सांध्यांचा ताप येऊन हृदयाची झडप बिघडलेली. मोठेपणी धातूची झडप बसवली. अशा माणसाला रक्त पातळ राहण्यासाठी वॉर्फरिन जन्मभर घ्यावे लागते : कमी पडले तर झडपेवर गाठ धरते, जास्त झाले तर रक्तस्राव. वहिनींना रोज चार मिलिग्रॅम पुरत असे. पुढे त्यांना क्षय झाला. तांबडी गोळी सुरू झाली आणि रक्ताच्या तपासणीचा आकडा घसरू लागला. त्यांचे हृदयाचे डॉक्टर जागरूक होते. त्यांनी दर आठवड्याला तपासून वॉर्फरिन चढवत नेले. चाराचे सहा, सहाचे आठ, शेवटी अकरा. सहा महिने सारे सुरळीत गेले. क्षय बरा झाला, शेवटची गोळी झाली, घरात पेढे वाटले गेले. हृदयाच्या डॉक्टरांची पुढची तारीख दीड महिन्यावर होती. क्षयाचे औषध संपल्याचे त्यांना कळवावे असे कोणाच्याच मनात आले नाही. का यावे? आजार गेल्याची बातमी डॉक्टरांना तातडीने कोण कळवतो? आणि क्षयाचा तर उच्चारही घरात होऊ नये अशी वडीलधाऱ्यांची इच्छा. क्षयाच्या केंद्रातल्या माणसांना वॉर्फरिनचे ठाऊक नव्हते, कारण त्यांना ते सांगितलेच नव्हते.

वहिनी अकरा मिलिग्रॅम घेत राहिल्या आणि यकृतातले हमाल एकेक करून घरी जाऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात हिरड्यांतून रक्त येऊ लागले. लघवी लालसर होऊ लागली. पण सहा महिने नारिंगी लघवी पाहण्याची डोळ्यांना सवय झालेली! औषधाचा रंग अजून शरीरात उरला असेल, असे त्यांना वाटले. चार दिवस त्यांनी कोणाला सांगितले नाही. पाचव्या दिवशी घोळणा फुटला तो थांबेना, तेव्हा रात्री दवाखान्यात नेले. रक्त गोठायची क्रिया जवळजवळ बंद पडली होती. सुदैवाने वेळ गाठली गेली. मित्राने मला तेथूनच दूरध्वनी केला आणि औषधांची नावे वाचून दाखवली. मी पहिला प्रश्न विचारला, "क्षयाची गोळी कधी थांबली?" तो म्हणाला, "ती तर केव्हाच संपली. तिचा आता काय संबंध?"

त्या रात्रीनंतर वहिनींनी एक साधी वही घातली. तीत तारीख टाकून प्रत्येक औषधाचे नाव लिहितात : कोणते सुरू झाले, कोणते थांबले, वैद्यांचे चूर्णसुद्धा. कोणत्याही दवाखान्यात गेल्या, की आधी वही टेबलावर ठेवतात, मग खुर्चीत बसतात. क्षयाचे पानही तीत आहे, आणि वडीलधाऱ्यांनी ते फाडायला सांगितले तेव्हा त्यांनी ते फाडले नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर महिनाभर तपासण्या करत करत वॉर्फरिनची मात्रा उतरवली. ती पुन्हा चारावर येऊन थांबली, आणि मागच्या महिन्यात मी भेटलो तेव्हाही चारच होती.

 प्रश्न असतील त्यांनी अवश्य विचारावेत. ज्यांना चारचौघांत विचारायचे नसतील त्यांच्यासाठी मी मंडपाच्या मागल्या दाराशी अर्धा तास थांबणार आहे.